ग्रंथालयातील फिल्टरच्या निवेदनावर सही करावी का?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

आम्ही नोकरीनिमित्त न्यू जर्सीत राहतो. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि शाळा सुटल्यावर मी कामावरून येईपर्यंत तो गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसतो. सध्या माझे सासरे इथे आले असल्याने ते त्याच्या सोबतीला असतात. मागच्या महिन्यात बालविभागातील संगणक रिकामे नव्हते म्हणून तो मोठ्यांच्या विभागात जाऊन बसला आणि शेजारच्या माणसाच्या स्क्रीनवर त्याला जे दिसले ते त्याने मला दोन दिवसांनी, झोपायच्या वेळी, अगदी हळू आवाजात सांगितले. मी हादरून गेले. इतर पालकांशी बोलल्यावर त्यांनी एक निवेदन तयार केले: ग्रंथालयाच्या सर्व संगणकांवर आणि वाय-फायवर अश्लील संकेतस्थळे अडवणारा फिल्टर बसवावा, कोणीही विनंती केली तरी तो बंद करू नये, आणि जो अशी विनंती करील त्याच्या नावाची नोंद ठेवावी. पुढील महिन्यात ते विश्वस्त मंडळाच्या बैठकीत द्यायचे आहे. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातील बहुतेकांनी सही केली आहे. एका काकांनी लिहिले की भारतात सायबर कॅफेलासुद्धा फिल्टरची सक्ती आहे, मग अमेरिकेत का नको? माझे पती म्हणतात की ही सेन्सॉरशिप आहे. सासरे या विषयावर काहीच बोलत नाहीत. मात्र त्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे आणि त्याविषयी ते तिथल्याच संगणकावर वाचत असतात, हे मला ठाऊक आहे. मी सही करावी का?

– एक आई, न्यू जर्सी

उत्तर

निवेदन आज जसे लिहिले आहे तसेच राहणार असेल तर सही करू नका. पण बैठकीला अवश्य जा. पालकांच्या रागाला मी नावे ठेवत नाही. दहा वर्षांच्या मुलाला नको ते पाहावे लागल्यावर आईने स्वस्थ बसावे असे कोणी म्हणणार नाही, आणि विचारस्वातंत्र्याचा दाखला देऊन तिला गप्प बसवणे तर मला अधिकच अनुचित वाटते. तरीही ‘फिल्टर हवा’ एवढ्यावर सही मागितली जाते तेव्हा तो कोणत्या संगणकावर हवा, किती कडक हवा आणि तो काढण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हे विचारल्यावाचून पेन उचलू नये. या तिन्हींत मी शेवटच्या प्रश्नाला सर्वाधिक महत्त्व देतो, आणि तुमच्या निवेदनाची गाडी नेमकी तिथेच रुळावरून घसरली आहे.

आधी कायद्याचे पाहू, कारण पत्रावरून असे दिसते की या विषयावर अमेरिकेत कायदा आहे याचीच गटातील बऱ्याच जणांना कल्पना नाही. अमेरिकी काँग्रेसने डिसेंबर २००० मध्ये ‘चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन अ‍ॅक्ट’ मंजूर केला. आद्याक्षरांवरून त्याला ‘सिपा’ म्हणतात. हा कायदा ग्रंथालयांना फिल्टर बसवण्याचा थेट हुकूम करत नाही, तो अनुदानाच्या वाटेने येतो. १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून जन्मलेल्या ‘ई-रेट’ योजनेत शाळांना आणि ग्रंथालयांना इंटरनेटच्या खर्चावर २० ते ९० टक्के सवलत मिळते आणि परिसर जितका गरीब तितकी ती वाढत जाते. इंटरनेट जोडणीसाठी किंवा इमारतीच्या आतील नेटवर्कसाठी ही सवलत घेतली, अथवा केंद्र सरकारच्या ग्रंथालय निधीतून संगणक किंवा इंटरनेटसाठी अनुदान घेतले, की सिपाच्या अटी लागू होतात. सवलत घेतलीच नाही तर या कायद्याच्या अटींचा संबंध येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रंथालयाने हाच मार्ग धरला आहे. म्हणून तुमच्या ग्रंथपालांना विचारायचा पहिला प्रश्न अगदी साधा आहे: आपले ग्रंथालय इंटरनेटसाठी ई-रेट घेते का? उत्तर ‘हो’ असेल, तर फिल्टर त्या संगणकांवर आधीच असायला हवा आणि मग तो त्या दिवशी कुठे होता, हा वेगळा आणि अधिक टोकदार प्रश्न उभा राहतो. उत्तर ‘नाही’ असेल, तर फिल्टर ठेवायचा की नाही आणि कसा ठेवायचा, हे ठरवण्याची मोकळीक बरीचशी विश्वस्त मंडळाकडेच आहे.

सिपाच्या अटी लोक समजतात त्यापेक्षा मर्यादित आहेत. त्या केवळ दृश्य सामग्रीविषयी, म्हणजे चित्रे आणि चित्रफितींविषयी आहेत, मजकुराविषयी नाहीत. अश्लील म्हणजे कायद्याच्या व्याख्येनुसार अश्लील ठरणारी चित्रे आणि बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे सर्वांसाठी रोखायची आहेत, तर ‘अल्पवयीनांस अपायकारक’ चित्रे फक्त सतरा वर्षांखालील मुले संगणक वापरत असतील तेव्हा रोखायची आहेत. प्रौढ व्यक्ती संगणकावर बसली असेल तर प्रामाणिक संशोधनासाठी किंवा इतर कोणत्याही कायदेशीर कारणासाठी अधिकृत कर्मचारी तिच्यापुरता फिल्टर बंद करू शकतो, असेही त्यात लिहिले आहे. शिवाय इंटरनेट सुरक्षेचे धोरण ठरवण्यापूर्वी ग्रंथालयाने लोकांना पूर्वसूचना देऊन निदान एक जाहीर बैठक घ्यावी लागते, आणि मुलांना काय अयोग्य हे ठरवण्याचा अधिकार वॉशिंग्टनमधील कोणत्याही खात्याला न देता स्थानिक पातळीवरच ठेवला आहे. तुमच्या गटातील काकांना हे शेवटचे कलम जरूर वाचून दाखवा. बैठकीला जाण्याचे महत्त्व त्यातूनच कळते.

या कायद्याला अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने न्यायालयात आव्हान दिले. मे २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील तीन न्यायाधीशांच्या विशेष पीठाने ग्रंथालयांविषयीची तरतूद घटनाबाह्य ठरवली, कारण फिल्टर भलतीच, निरुपद्रवी पाने मोठ्या प्रमाणावर अडवतात असे साक्षीपुराव्यांतून दिसले होते. वर्षभराने, २३ जून २००३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो निकाल फिरवला. मुख्य न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांचे म्हणणे असे की ग्रंथालय पुस्तके निवडते तसेच इंटरनेटवरील सामग्रीचीही निवड करू शकते, आणि कर्मचाऱ्याकडे जाऊन फिल्टर उघडून मागताना वाटणाऱ्या संकोचापासून संरक्षण देण्याची हमी राज्यघटनेने घेतलेली नाही. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती सूटर यांना हे पटले नाही. विकत घेतलेल्या ज्ञानकोशातील पाने ग्रंथालयाने कात्रीने कापून टाकावीत तसा हा प्रकार आहे, असे त्यांनी लिहिले. तुमच्या पतींचे मत सूटर यांच्या बाजूचे आहे, आणि ते अगदीच उथळ आहे असे कोणी म्हणू नये.

तरीही तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे मत या दोघांचेही नाही. रेनक्विस्ट यांच्या मताला पूर्ण बहुमत नव्हते. त्यांच्यासह चारच न्यायमूर्ती त्या बाजूला होते. निकालाला सहाचा आकडा मिळाला तो न्यायमूर्ती केनेडी आणि ब्रायर यांनी स्वतंत्र मते लिहून साथ दिली म्हणून. केनेडी यांनी स्पष्ट लिहिले की प्रौढ वाचकाने विनंती केल्यावर ग्रंथपाल फारसा विलंब न लावता फिल्टर बंद करणार असेल, तर तक्रारीला फारसा आधार उरत नाही. पण एखादे ग्रंथालय तसे करू शकत नसेल किंवा वाचकाच्या हक्कावर अन्य प्रकारे मोठा भार पडत असेल, तर त्या विशिष्ट ग्रंथालयाविरुद्ध पुन्हा दाद मागता येईल. म्हणजे ज्या सोयीमुळे हा कायदा टिकला, ती सोय काढून टाका असे तुमचे निवेदन म्हणते आहे. विश्वस्त मंडळाचा वकील ते वाचेल आणि बाजूला ठेवील. निवेदनातील रास्त मागण्यासुद्धा त्याच्याबरोबर बाजूला पडतील, याची मला अधिक चिंता आहे.

वकील सावध का असतो, हेही सांगतो. व्हर्जिनियातील लाउडन काउंटीच्या ग्रंथालय मंडळाने १९९७ मध्ये सर्व संगणकांवर, मोठ्यांसाठीही, फिल्टर लावण्याचे धोरण स्वीकारले. तेथील रहिवाशांनी दावा लावला आणि १९९८ मध्ये न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी ते धोरण घटनाबाह्य ठरवले. या न्यायाधीशांनी कायद्याकडे वळण्यापूर्वी ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतलेली होती, आणि तीही तुमच्याच राज्यातील रटगर्स विद्यापीठातून. मिसुरीतील सेलम या लहान गावी ग्रंथालयाचा फिल्टर विक्का पंथाविषयीची आणि मूळ अमेरिकी लोकांच्या धर्माचरणाविषयीची संकेतस्थळे ‘गूढविद्या’ म्हणून अडवत असे. ती उघडून देण्यास टाळाटाळ झाल्याने २०१२ मध्ये एका वाचक महिलेने दावा केला आणि पुढच्याच वर्षी ग्रंथालयाला तडजोड करून ते वर्ग खुले करावे लागले. उलट बाजूचा निकालही आहे आणि तो लपवणे योग्य होणार नाही: वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये असे ठरवले की प्रौढांच्या विनंतीवरूनही पूर्ण फिल्टर बंद न करता एकेक संकेतस्थळ तपासून उघडण्याचे ग्रंथालयाचे धोरण त्या राज्याच्या घटनेत बसते. पण तिथेही एकेक पान उघडून मिळण्याची वाट होती. ‘कोणत्याही विनंतीवरून नाही’ असे ते ग्रंथालयसुद्धा म्हणत नव्हते.

दुसऱ्या बाजूने, फिल्टर न लावल्याबद्दल ग्रंथालयाला नुकसानभरपाई द्यायला लावू, असे कोणी गटात म्हणत असेल तर तोही मार्ग बंद आहे असे समजा. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर शहरात एका बारा वर्षांच्या मुलाने ग्रंथालयाच्या संगणकावरून अश्लील चित्रे फ्लॉपीवर उतरवून घेतली होती. त्याच्या आईने शहराविरुद्ध दावा केला. २००१ मध्ये तेथील अपील न्यायालयाने तो फेटाळला. त्या आईची व्यथा खोटी नव्हती, तिने निवडलेले साधन चुकले.

आता फिल्टर या यंत्राविषयी. निवेदन लिहिणाऱ्यांच्या मनात बहुधा असे चित्र असावे की एक कळ दाबली की घाण बाहेर आणि ज्ञान आत. प्रत्यक्षात फिल्टर म्हणजे कोणत्या तरी कंपनीने तयार केलेल्या संकेतस्थळांच्या वर्गवार याद्या, त्यांतील कोणते वर्ग अडवायचे याच्या खुणा आणि जोडीला शब्द व चित्रे ओळखण्याचा प्रयत्न करणारी प्रणाली. याद्या कशा केल्या हे कंपनी सहसा सांगत नाही. आरोग्यविषयक अभ्यास करणाऱ्या कैसर फॅमिली फाउंडेशनने २००२ मध्ये शाळांत आणि ग्रंथालयांत वापरले जाणारे फिल्टर तपासले होते. सर्वांत सौम्य पातळीवर त्यांनी अश्लील संकेतस्थळांपैकी ८७ टक्के अडवली आणि आरोग्याच्या संकेतस्थळांपैकी १.४ टक्के. पातळी सर्वांत कडक केल्यावर अश्लील संकेतस्थळांचा आकडा ८७ वरून ९१ वर गेला, आणि आरोग्याचा १.४ वरून २४ वर. त्यानंतर सॉफ्टवेअर पुष्कळ सुधारले आहे आणि आजचे आकडे हेच असतील असे मी म्हणत नाही. पण या सौद्याचे स्वरूप तेच आहे: सौम्य फिल्टर बहुतेक काम करतो, आणि तो आवळत नेला की मुलांच्या संरक्षणात चिमूटभर भर पडते व आरोग्याच्या दर चार दुव्यांमागे जवळजवळ एक हातचा जातो. तुमचे सासरे वाचतात ते या चौथ्या दुव्यात असण्याची शक्यता पुष्कळ आहे, कारण प्रोस्टेट, स्तनांचा कर्करोग, गर्भनिरोधन, लैंगिक अत्याचारानंतरची मदत या विषयांची पाने शरीराच्या त्याच अवयवांची नावे घेतल्यावाचून लिहिता येत नाहीत. केवळ अक्षरे जुळली म्हणून अडवणाऱ्या जुन्या फिल्टरांनी तर आपल्याकडच्या दीक्षित मंडळींचे आडनाव रोमन लिपीत (Dikshit) अश्लील ठरवले होते, आणि तुमच्या राज्यातील मिडलसेक्स काउंटीचे नावही त्याच पंक्तीला बसते.

आणखी एक तांत्रिक बाब समजून घेतली तर बैठकीत तुमच्या शब्दाला वजन येईल. आजकाल बहुतेक संकेतस्थळे मधल्या कोणाला वाचता येणार नाही अशा सांकेतिक जोडणीने उघडतात, त्यामुळे इमारतीच्या जाळ्यावर बसवलेल्या फिल्टरला वाचक कोणत्या संकेतस्थळावर गेला एवढे साधारणतः कळते, तिथले कोणते पान उघडले हे कळत नाही. एखाद्या मोठ्या चर्चास्थळावर पाककृतीही असतात आणि अश्लील चित्रेही. तिथे फिल्टरपुढे सगळे अडवणे किंवा सगळे सोडणे एवढेच पर्याय उरतात. ती सांकेतिक जोडणी मधेच उघडून पाहण्याची युक्ती आहे, पण तसे केले तर ग्रंथालयात बसून बँकेचे किंवा इमिग्रेशनचे काम करणाऱ्याची माहितीही उघडी पडू शकते. तिचा आग्रह कोणी धरू नये. याउलट शोधातून अश्लील निकाल गाळणारे गूगलचे ‘सेफसर्च’ आणि प्रौढांसाठीच्या चित्रफिती लपवणारे यूट्यूबचे ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ ग्रंथालयाला संपूर्ण जाळ्यासाठी किंवा निवडक संगणकांसाठी कुलूपबंद करून ठेवता येतात, म्हणजे बसणाऱ्या मुलाला ते बंद करता येत नाहीत. लहान मुलांच्या डोळ्यांपुढे नकळत, काहीतरी भलतेच शोधताना जे येते, त्यातील मोठा भाग या दोन गोष्टींनी थांबतो. बालविभागात हे आणि त्यावर वर्गवार फिल्टर हवाच, आणि तिथे तो बंद करण्याची सोय मुलांच्या हाती नसावी. निवेदनातील ही मागणी निःसंकोच पुढे रेटा. तुमचे पती याला सेन्सॉरशिप म्हणत असतील तर त्यांना विचारा की बालविभागातील पुस्तके कोणी निवडली होती.

परंतु तुमच्या मुलाच्या बाबतीत जे घडले ते बालविभागात घडलेच नाही. त्याने स्वतः काही उघडले नव्हते. दुसऱ्याच्या स्क्रीनवरचे त्याला दिसले, आणि ही तक्रार फिल्टरची जितकी आहे तितकीच खुर्च्या-टेबलांची आहे. बऱ्याच ग्रंथालयांत स्क्रीनवर एक पातळ आच्छादन लावतात, ज्यामुळे समोर बसलेल्यालाच दिसते आणि बाजूने पाहणाऱ्याला काळे दिसते. संगणकांमध्ये आडपडदे ठेवतात. मोठ्यांचे संगणक मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठेवतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इतरांच्या नजरेस पडेल असे लैंगिक चित्र सार्वजनिक खोलीत उघडू नये असा वर्तनाचा नियम करून तो कर्मचाऱ्यांनी खरोखर पाळून घ्यायचा असतो. त्या दिवशी कोणी कर्मचारी त्या माणसाजवळ गेला का? नसेल गेला तर का नाही, हा प्रश्न शांतपणे पण ठामपणे विचारा. ‘आम्ही वाचकाच्या स्क्रीनकडे पाहत नाही’ एवढे उत्तर पुरेसे मानू नका. मिनियापोलिसच्या ग्रंथालयातील बारा कर्मचाऱ्यांनी २००० साली अशीच तक्रार केंद्रीय रोजगार आयोगाकडे नेली होती: वाचक दिवसभर उघड्यावर अश्लील चित्रे पाहतात आणि व्यवस्थापन काही करत नाही, त्यामुळे आम्हाला काम करणे असह्य झाले आहे. आयोगाला त्यात तथ्य आढळले आणि २००३ मध्ये ग्रंथालयाला ४ लाख ३५ हजार डॉलर देऊन ते प्रकरण मिटवावे लागले. मंडळातील सदस्यांना मुलांच्या कळवळ्याने पाझर फुटला नाही तरी हा आकडा त्यांना नीट समजतो.

आता भारताचे उदाहरण देणाऱ्या काकांविषयी. भारत सरकारचे सायबर कॅफेंसाठीचे नियम २०११ चे आहेत आणि ते ग्राहकांना पैसे घेऊन इंटरनेट वापरू देणाऱ्या दुकानांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. त्यांत फिल्टरचा उल्लेख आहे, पण तो ‘बसवता येईल’ अशा भाषेत आहे. सक्तीची भाषा कुठे आहे ते पाहा: संगणकांमधील आडोसे साडेचार फुटांहून उंच नसावेत, आडोशाबाहेरच्या संगणकांचे स्क्रीन मोकळ्या जागेच्या दिशेने असावेत, आणि अल्पवयीन मुलाला पालक सोबत असल्याशिवाय आडोशात बसू देऊ नये. म्हणजे तिथला सगळा भर ‘सर्वांना दिसले पाहिजे, म्हणजे कोणी नको ते उघडणार नाही’ या धाकावर आहे. ही व्यवस्था न्यू जर्सीच्या ग्रंथालयात आणली तर तुमच्या सासऱ्यांचे प्रोस्टेट साऱ्या वाचनकक्षाला वाचता येईल, आणि ज्याला लाज नाही त्याच्या स्क्रीनवरचे सगळ्यांना अधिकच स्पष्ट दिसेल. काकांचे उदाहरण त्यांच्या उपयोगाचे नाही.

सासऱ्यांचा विषय तुम्ही पत्रात एका ओळीत उरकला आहे. माझ्या मते तो मधोमध ठेवायला हवा. निवेदनातील तिसरी मागणी मान्य झाली असे समजा. त्यांच्या समोर एक दिवस ‘हे पान उपलब्ध नाही’ असा संदेश आला. त्यांनी उठून टेबलाशी जायचे, न सरावलेल्या इंग्रजीत, मागे रांग असताना, एका तरुण कर्मचाऱ्याला आपल्या मूत्रमार्गाच्या तक्रारीविषयी सांगायचे आणि मग ‘अश्लील संकेतस्थळ उघडून मागणारे’ म्हणून वहीत नाव लिहून यायचे. ते हे करणार नाहीत. ते गुपचूप उठून घरी येतील आणि तुम्हाला काही सांगणार नाहीत. शिवाय न्यू जर्सीच्या कायद्यानुसार वाचकाची ओळख पटेल अशा ग्रंथालयाच्या नोंदी गोपनीय आहेत, त्यामुळे न्यायालयाच्या आदेशासारखे अपवाद सोडले तर ती वही कोणाला दाखवता येणार नाही. जी दाखवायची नाही ती ठेवायची कशाला, असे मंडळातील एखादा शहाणा माणूस विचारीलच. बैठकीत बोलताना मात्र सासऱ्यांचे नाव किंवा आजार काढू नका. ‘एखाद्या ज्येष्ठ वाचकाला’ एवढे म्हटले तरी पुरते.

वाय-फायवरच्या फिल्टरविषयी फार लिहीत नाही. लावला तर हरकत नाही, पण ज्याच्या खिशात स्वतःचा मोबाइल डेटा आहे त्याला त्या फिल्टरचा काडीचाही अडसर नाही.

मुलाविषयी थोडे. त्याने दोन दिवस ती गोष्ट मनात धरून ठेवली आणि मग तुम्हाला सांगितली, म्हणजे त्याला तुमच्याशी बोलण्याचा धीर आहे. निवेदन, गट, बैठक या धामधुमीत त्याच्या कानावर सतत तेच पडत राहिले तर आपण सांगून मोठाच घोटाळा केला असे त्याला वाटेल, म्हणून घरात या विषयाच्या चर्चा त्याच्या माघारी करा. त्याची यात काही चूक नव्हती, असे काही दिसले तर उठून आजोबांकडे किंवा टेबलाशी जावे आणि स्क्रीन पाहिल्याबद्दल कोणी रागावणार नाही, एवढे त्याला एकदा स्वच्छ शब्दांत सांगा. आजोबांनाही सांगून ठेवा की बालविभागातील संगणक रिकामा नसेल तर थांबावे, पुस्तक वाचावे. मोठ्यांच्या विभागात एकट्याला बसवू नये. सासरे भारतात परतल्यावर काय करायचे हेही आताच ठरवा, कारण अमेरिकेतील बहुतेक ग्रंथालयांचे लहान मुलांना एकटे ठेवण्याविषयी वयाचे नियम असतात आणि कर्मचाऱ्यांनी मुले सांभाळावीत अशी अपेक्षा ते ठेवू देत नाहीत.

बैठकीला जाण्यापूर्वी आठवडाभर आधी ग्रंथपालांना भेटा. त्यांना प्रथमच सर्वांदेखत जाब विचारला तर त्या बचावात जातील. आधी भेटलात तर कदाचित त्याच तुमच्या निम्म्या मागण्या मंडळापुढे ठेवतील. ई-रेटचा प्रश्न, सध्याचे इंटरनेट धोरण केव्हा ठरले, बालविभागातील संगणकांवर नेमके काय लावले आहे आणि तक्रार आल्यावर कर्मचाऱ्याने काय करायचे असे लेखी ठरले आहे, हे तिथे विचारून घ्या. फिल्टर उघडण्याची पद्धतही विचारा, कारण चांगली पद्धत अगदी सोपी असू शकते: प्रौढ वाचकाने आपल्या कार्डाचा क्रमांक टाकला की संगणकच विचारतो, फिल्टरसह की फिल्टरविना, आणि वाचक उठून गेला की ते सत्र पुसले जाते. कार्डाच्या नोंदीत जन्मतारीख सहसा असते, त्यामुळे सतराखालील मुलांना हा पर्याय दिसतच नाही, ती मोठ्यांच्या विभागात बसली तरीही. पाहुणे म्हणून येणाऱ्या तुमच्या सासऱ्यांसारख्या वाचकांना टेबलावरून मिळणाऱ्या तात्पुरत्या पासावर हीच सोय देता येते. तुम्ही अमेरिकेच्या नागरिक नसाल तरी संकोच करू नका; त्या ग्रंथालयाचा खर्च गावच्या मालमत्ता करातून चालतो, आणि तो तुम्ही घरमालक म्हणून थेट किंवा भाडेकरू म्हणून भाड्यातून देतच आहात.

निवेदन करणाऱ्या पालकांशी भांडू नका. त्यांना सांगा की सही करायला तुम्ही तयार आहात, फक्त तीन मागण्यांच्या जागी पुढील मजकूर घ्यावा. इंग्रजीत तो तुमचे पती करून देतील, निदान त्या निमित्ताने त्यांचाही हात लागेल:

‘बालविभागातील सर्व संगणकांवर फिल्टर आणि सुरक्षित शोधाची सोय कायमस्वरूपी सुरू असावी. इतर विभागांत सतरा वर्षांखालील वाचकांसाठी तीच व्यवस्था कार्डाच्या आधारे आपोआप लागू व्हावी, आणि प्रौढ वाचकाला कारण न सांगता, नावाची नोंद न होता, स्वतःपुरता फिल्टर बंद करता यावा. मोठ्यांच्या विभागातील प्रत्येक स्क्रीनवर बाजूने न दिसणारे आच्छादन लावावे. इतरांच्या नजरेस पडेल अशी लैंगिक चित्रे उघडण्यास मनाई करणारा नियम दर्शनी भागात लावावा आणि तक्रार आल्यावर कर्मचाऱ्यांनी काय करायचे हे लेखी ठरवावे. या व्यवस्थेचा आढावा मंडळाने एका वर्षाने जाहीर बैठकीत घ्यावा आणि त्यात चुकीने अडवलेल्या पानांच्या तक्रारीही मांडाव्यात.’